सुरतेत दोन दिवस : गाठी बांधून झाल्यावर

आमच्या व्यापारी वाचकांपैकी अनेकांनी सुरत पाहिली आहे, म्हणजे रिंग रोडवरील कापडबाजार पाहिला आहे. सकाळी उतरायचे, माल पसंत करायचा, गाठी ट्रान्सपोर्टला लावायच्या आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस परत. आम्हीही आजवर तेच केले. या खेपेस दोन दिवस जादा काढून गाईडसोबत जुने बंदर पाहिले.

पहिल्या दिवसाचा गाईड उतरलो तेथेच मिळाला. फी अगदी किरकोळ होती. तापीकाठच्या किल्ल्यात त्याने आम्हाला जेमतेम पंधरा मिनिटे उभे केले व सरळ साड्यांच्या दुकानात नेले. तेथून दुसऱ्या. सोबतचे आमचे स्नेही कापडाच्याच धंद्यातले. भाव ऐकताच गाईडचे कमिशन किती, हा हिशेब त्यांनी तोंडी मांडला.

दुसऱ्या दिवशी ओळखीतून एक निवृत्त शिक्षक मिळाले. फी तिप्पट. दुकानात नेणार नाही, ही अट त्यांचीच! पुन्हा किल्ल्यापासून सुरुवात झाली. पोर्तुगीजांनी शहर वारंवार जाळले म्हणून गुजरातच्या सुलतानाच्या काळात, १५४६ च्या सुमारास, खुदावंद खानाने हा किल्ला उभारला. येथून नदीकडे बोट दाखवून ते म्हणाले, मोठी जहाजे इथपर्यंत येतच नसत. ती खाली सुवाळीच्या नांगरवाड्यात थांबत आणि माल तेथून शहरात येई. म्हणजे हमाल, गाडीवान, नावाडी, सराफ, दलाल अशा किती घरांची चूल एका जहाजावर पेटत असेल!

सर्वाधिक वेळ गेला मुघलसराईत. १६४४ साली, शहाजहानच्या अमलात, ही सराई बांधली गेली. हजला निघालेले यात्रेकरू जहाजाची वाट पाहत येथे मुक्काम करीत. पुढे येथे नगरपालिकेचे कार्यालय आले. अंगणात उभे राहून आमच्या मार्गदर्शकांनी हजच्या जहाजाचा व्यापार समजावला. जहाज एकट्या यात्रेकरूंवर चालत नसे. जाताना गुजरातचे सुती कापड भरलेले असे, परतताना मोखा-जेद्द्याहून मुख्यतः चांदी येई. म्हणूनच समुद्री चाच्यांचा डोळा परतीच्या जहाजांवर असे. १६९५ साली हेन्री एव्हरीने मुल्ला अब्दुल गफूर या सुरतेच्या बड्या व्यापाऱ्याचे ‘फतेह मुहम्मद’ लुटले आणि पाठोपाठ बादशहा औरंगजेबाचे ‘गंज-ए-सवाई’. बादशाही हुकमाने सुरतेतील इंग्रजांना कैद झाली. चाचा मात्र निसटला.

मराठी माणसाला सुरत आठवते ती शिवाजी महाराजांच्या १६६४ व १६७० च्या स्वाऱ्यांमुळे. पहिल्या स्वारीच्या वेळी इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख होता जॉर्ज ऑक्झेंडन. त्याची घुमटाची भव्य कबर कतारगाम रस्त्याकडील इंग्रजी कबरस्तानात आहे. वखारवाल्यांनी मेल्यावरही थाट सोडला नाही, आणि मुसलमानी धाटणीचे घुमट मात्र उचलले, याची आम्हाला गंमत वाटली. याच इंग्रज कंपनीला कर्ज देणाऱ्या वीरजी व्होरा या जैन सावकाराची आठवण सांगणारी अशी एकही इमारत आम्हाला दाखवली गेली नाही.

मग हे बंदर बसले कसे? एका कारणाने नाही. तापीचा गाळ वाढला, मोगल अंमल खिळखिळा होताच वाटा असुरक्षित झाल्या, १६८७ मध्ये कंपनीने मुख्य ठाणे मुंबईस हलवले आणि मागोमाग भांडवलही सरकत गेले. हे सारे आम्ही पुस्तकात वाचले होते. नदीकाठी उभे राहून ऐकताना ते बाजाराच्या भाषेत कळले.

संध्याकाळी त्या गृहस्थांना फीवर काही जादा देऊ केले, ते त्यांनी घेतले नाही. पहिल्या दिवशी साडीच्या दुकानात स्नेह्यांनी भिडेखातर एक साडी घेतली होती. ठोक बाजारात तीच पाहिली, तेव्हा तिच्या फरकात शिक्षकांची फी दोनदा निघाली असती. जाणाऱ्यांनी फी आधी ठरवावी, ‘दुकान नाही’ हे आधीच बजावावे, आणि सराई कचेरीच्या वेळेत गाठावी.