काळी पट्टी, करडी पट्टी

घरात शंभर इंची पडदा लागला की कुणीतरी विचारतंच, "पैसे अख्ख्या पडद्याचे मोजलेत ना? मग वरखाली या पट्ट्या कसल्या?" प्रश्न रास्त आहे. शंभर इंची १६:९ पडदा साधारण २२१ सेंटीमीटर रुंद आणि १२५ उंच असतो. त्यावर २.३९:१ चा, म्हणजे आपण ज्याला स्कोप म्हणतो तो सिनेमा लावला की चित्राची उंची ९३ वर येते. वर १६ आणि खाली १६ सेंटीमीटर मोकळे. पाव पडदा नुसता पडून. मग रिमोटवरचं 'झूम' दाबलं जातं आणि कडेची माणसं कापली जातात. 'फुल' दाबलं तर सगळे लांबुडके आणि रोडावलेले दिसतात. तरी पडदा भरला म्हणून लोक खूश!

मुळात १६:९ हा आकार सिनेमावाल्यांनी मागितलेला नाही. १९८० च्या दशकात एचडी टीव्हीचा आकार ठरत होता, तेव्हा कर्न्स पॉवर्स या अमेरिकी अभियंत्याने ४:३ पासून स्कोपपर्यंतचे प्रचलित आकार एकावर एक मांडले आणि सगळ्यांना सामावून घेईल असा मधला आकार काढला. १.३३ आणि २.३५ यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ घ्या, १.७७ येतं. म्हणजे ही तडजोड आहे, आणि तडजोडीत प्रत्येकाच्या वाट्याला थोडी मोकळी जागा येतेच.

त्या मोकळ्या जागेचंही एवढं वाटलं नसतं, ती खरोखर काळी असती तर. पण प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. तो उजेड अडवतो, आणि तोही पुरता अडत नाही. दिवे मालवून रात्रीचा प्रसंग लावा. पट्ट्या करड्या उजळलेल्या दिसतात आणि त्यांच्या शेजारी चित्रातला अंधारही फिका पडतो. तिथे खरं काळं काही आणून ठेवलं की तेच चित्र एकदम गडद वाटू लागतं. प्रोजेक्टर तोच, डोळा फसतो.

शौकीन लोक यावर थेट स्कोपच्या आकाराचा पडदा घ्या म्हणतात. सिनेमाला झूम करून तो भरायचा आणि बाकी सगळं मध्यभागी लहान करून पाहायचं. त्यासाठी लेन्सला किमान १.३४ पट झूम लागतो. स्वस्त प्रोजेक्टरना तो नसतोच. शिवाय उजेड जवळपास १.८ पट जागेवर पसरतो, म्हणजे चकाकी निम्म्याच्या आसपास येते. आणि पुण्यातल्या फ्लॅटमध्ये अडचण भिंतीच्या रुंदीची असते, उंचीची नसते. २२१ सेंटीमीटरच रुंदी मिळणार असेल तर स्कोप पडद्यावर क्रिकेटचं चित्र १६५ वर येतं. आयपीएलच्या दिवसांत हा निर्णय घरात कुणी मंजूर करून घेऊन दाखवावा.

म्हणून कोथरूडच्या एका मित्राकडे आम्ही १६:९ पडदा ठेवला आणि काढता-घालता येणाऱ्या मखमली पट्ट्या करून घेतल्या. आधी प्रोजेक्टरचं कीस्टोन शून्यावर आणलं. चित्र तिरकं पडतं म्हणून ते बटणाने सरळ केलं, तर त्याभोवती फिकट उजेडाची चौकट उरते आणि कुठलीच पट्टी तिच्याशी नीट जुळत नाही.

मिस्त्रींनी सहा मिलिमीटरच्या प्लायच्या पट्ट्या कापल्या. मी पाणसळ पुढे केली तेव्हा ते म्हणाले, "साहेब, एवढ्याशा फळीला कसली पाणसळ?" पण चित्राची कड समोर असताना दोन मिलिमीटरचा उतारही डोळ्यात खुपतो, हे लावून पाहिल्यावर त्यांनाही पटलं. मखमलीला लव असते. हात एका दिशेने फिरवला तर कापड चमकतं, उलट फिरवला तर उजेड गिळतं. लव वरच्या दिशेला ठेवून कापड ताणलं आणि स्टेपल गनने मागे ठोकलं. आतली कड मागून तासून घेतली, नाहीतर तिची सावली पडद्यावर पडते. पट्ट्या चुंबकांवर बसवायच्या होत्या, पण पडद्याची फ्रेम अॅल्युमिनियमची, चुंबक धरेना. तेव्हा तिच्या मखमलीखाली पत्र्याची पट्टी सरकवली.

स्क्रू मुद्दामच मारले नाहीत. स्कोपमध्येही २.३५ आणि २.३९ असे भाऊबंद आहेत. या पडद्यावर वर-खाली प्रत्येकी आठ मिलिमीटरचा फरक पडतो. चुंबकावरची पट्टी बोटाने सरकवता येते. जुळणी पाहायला 'कागज के फूल' लावला. १९५९ चा हा सिनेमा भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट मानला जातो, आणि अंधाऱ्या स्टुडिओत वरून उतरणारा व्ही. के. मूर्तींचा तो उजेडाचा झोत म्हणजे अशा कामाची परीक्षाच. पट्ट्यांशिवाय तो धुक्यातून आल्यासारखा वाटत होता. पट्ट्या चढवल्या आणि स्टुडिओला छत आहे हे जाणवलं.

कटकटी आहेतच. 'द डार्क नाइट'च्या ब्लू-रेमध्ये आयमॅक्सचे प्रसंग अख्खा पडदा व्यापतात, त्यामुळे तिथे पट्ट्या उतरवूनच बसावं लागतं. सबटायटल कधी चित्रात, कधी खालच्या पट्टीत येतात. मल्याळम सिनेमा पाहताना दुसरी ओळ मखमलीवर पडली की वाचणं संपलं. काही प्लेअरमध्ये ती वर घ्यायची सोय असते. नसेल तर आम्ही खालची पट्टी काढतो आणि करडेपणा सोसतो.

जुन्या सिनेमांसाठी उभ्या पट्ट्या वेगळ्या, प्रत्येकी साधारण २५ सेंटीमीटर रुंदीच्या. १९३६ चा 'संत तुकाराम' असाच जवळपास ४:३ आकाराचा. प्रभातच्या जुन्या चित्रपटांच्या ताणलेल्या कॉपी इंटरनेटवर फिरतात. नुसत्या ताणलेल्या असतील तर प्लेअरमध्ये ४:३ निवडून माणसं पूर्ववत होतात. वरखाली छाटून १६:९ केलेली कॉपी मात्र कशानेच दुरुस्त होत नाही. ती बंद करून दुसरी शोधायची.