काटेरी झुडपे काढताना ट्रॅक्टरच्या टायरांची काळजी

बुलढाणा जिल्ह्यात घाटावरील हलक्या मुरमाड जमिनी असोत की घाटाखालील पूर्णा खोऱ्यातील भारी काळ्या जमिनी असोत, धुऱ्यांवर, पांदणीच्या कडेला व पडीत तुकड्यांत बाभूळ, वेडी बाभूळ, हिवर व बोर यांची झुडपे माजलेली आढळतात. उन्हाळी मशागतीच्या वेळी ती काढण्यासाठी ट्रॅक्टर लावला जातो. या कामात टायर पंक्चर होणारच, असे धरून चालण्याची प्रथा आहे व दोष काट्याला दिला जातो. वस्तुतः टायरला मोठी इजा काट्यापेक्षा खुंटाने होते, आणि खुंट हा तोडणाऱ्याच्या हातून तयार होतो.

कोयत्याचा वा कुऱ्हाडीचा घाव सहसा तिरपा बसतो. जमिनीवर चार बोटे उरलेला असा खुंट वाळला म्हणजे भाल्याच्या टोकासारखा होतो. टायरचा तळ जाड असतो. बाजू मात्र पातळ असते व तीच खुंटाला घासते. तळाचे छिद्र बुजविता येते. बाजू फाटल्यास दुरुस्ती भरवशाची नसते, बहुधा टायरच बदलावा लागतो. मृगाच्या तोंडावर हा खर्च उभा राहिला तर वखरणी खोळंबते व पेरणीचा वापसा हातचा जातो.

यास्तव लहान झुडपे पावसाळा संपताना, जमिनीत ओल असतानाच, मुळासकट उपटावीत. वेडी बाभूळ जमिनीलगत तोडल्यास बुडापासून पुन्हा फुटते. तेव्हा पहार-कुदळीने तिचे बूड खणून काढण्याचे कष्ट दुहेरी उपयोगाचे आहेत. खणणे शक्य नसेल तेथे खुंट करवतीने जमिनीसरसा आडवा कापावा. तेही न साधल्यास तो कमरेइतका उंच ठेवून त्यास चुना फासावा, म्हणजे चालकाला दुरून दिसेल. तुरीच्या व पऱ्हाटीच्या धसकटांविषयीही हीच दक्षता हवी.

हिरवा काटा लवतो, वाळलेला रुततो. म्हणून तोडलेल्या फांद्या त्याच दिवशी बेळक्याच्या काठीने ओढून ट्रॅक्टरच्या वाटेबाहेर रचाव्यात. कुंपणासाठी त्या नेताना पांदणीत गळणाऱ्या डहाळ्यांकडे सहसा कोणी पाहत नाही. मग शेत स्वच्छ आणि वाट काटेरी, असा प्रकार होतो. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी याकडे विशेष लक्ष वेधावे.

अमेरिकेत १९३२ साली ट्रॅक्टरला हवेचे टायर बसविण्यात आले; तत्पूर्वीच्या लोखंडी चाकांना काट्याचे भय नव्हते. हवेच्या टायरचा दाब मात्र सांभाळावा लागतो. तो कमी असल्यास टायरची बाजू फुगून खुंटाला भिडते. फाजील असल्यास टायर ताठ राहून टोक सहज आत शिरते. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेला दाब, टायर थंड असताना, मोजून ठेवावा. झिजलेले टायर या कामास लावू नयेत.

काटा रुतताच हवा जाते असे नाही. मोडलेला काटा तळात राहतो व डांबरी रस्त्यावर चालताना हळूहळू आत सरकतो. त्यामुळे शेताबाहेर पडण्यापूर्वीच चारही टायर तपासून काटे पकडीने उपटावेत. पंक्चर झाल्यास केवळ ट्यूबला ठिगळ लावून भागत नाही. काटा टायरमध्ये राहिला तर तीच ट्यूब पुन्हा फुटते. टायरच्या आतून कापडाचा बोळा सर्वत्र फिरवावा. काटा असेल तेथे कापड अडकते. उघडा हात फिरवू नये.