उसात शिरलेला जखमी बिबट्या

माळशेज घाट चढून आलेला कल्याण–नगर महामार्ग ओतूर मागे टाकतो आणि पिंपरी पेंढारच्या शिवारातून आळेफाट्याकडे जातो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस. एका फडातून दुसऱ्या फडात जायचं तर बिबट्याला डांबरी रस्ता ओलांडावाच लागतो. तो रात्री ओलांडतो, आणि भाजीपाल्याचे टेम्पो, मालट्रक भरधाव असतात तेही रात्रीच. दिव्यांचा झोत डोळ्यांवर आला की जनावर दिपून जागीच थबकतं. धडक बसलेला प्रत्येक बिबट्या तिथंच मरत नाही. पाय मोडला असो की कंबर, तो अंग ओढत जवळच्या उसात शिरतो. उजाडल्यावर रस्त्यावर रक्ताचे थेंब, बांधावर फरफटल्याची खूण आणि गावभर एकच बोलणं: वाघ उसात बसलाय.

तो डोंगराकडे का जात नाही, असं शहरातली माणसं विचारतात. त्याचं घरच उसात आहे, हे त्याचं साधं उत्तर.

येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणं. त्यांच्या पाण्यानं जुन्नर–आंबेगावची जिरायती जमीन भिजली आणि ऊस वाढला. विघ्नहर आणि भीमाशंकर हे साखर कारखाने उभे राहिले. आडसाली ऊस रानात दीड वर्षाच्या आसपास उभा असतो. आत गारवा, पाटाचं पाणी, पाचटाचं मऊ अंथरूण, आणि वस्तीच्या कडेला कुत्री, शेळ्या, डुकरं. बिबट्याची मादी अशाच सरीत वीत असते. तोडणीच्या टोळ्यांना दर हंगामात पिल्लं सापडतात. वन विभागाची माणसं ती पिल्लं क्रेटमध्ये घालून संध्याकाळी त्याच जागी ठेवतात आणि अंधार पडला की आई येऊन एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. त्या पिल्लांनी जंगल पाहिलेलंच नसतं. जखम झाली की ती कुठं जाणार?

जखमी बिबट्या पहिल्यांदा लपतो. जखम चाटतो, हालचाल थांबवतो, माणूस अगदी जवळून गेला तरी आवाज करत नाही. झडप घालतो ती पळून जाण्याचं बळ उरलेलं नसताना कुणी फारच जवळ आलं, तर. म्हणून अशा सकाळी खरा धोका असतो तो उसात डोकावायला निघालेल्या पोरांना. फडाभोवती दोन-तीनशे माणसं जमतात, कुणी मोबाइल उंच धरतं, कुणी फटाके लावतं, कुणी दगड भिरकावतं. बिबट्याला बाहेर पडायला एकही बाजू मोकळी राहत नाही. लोकांची उत्सुकता समजण्यासारखी असली, तरी बहुतेक वेळा माणसं जखमी होतात ती याच गर्दीतली.

बेशुद्ध करायचं काम चित्रपटात दिसतं तितकं झटपट होत नाही. आधी जनावर दिसावं लागतं आणि उसात चार हातांपलीकडचं दिसत नाही. डार्ट पात्याला लागला तरी वाट बदलतो. वजनाचा अंदाज घेऊन केटामाइन आणि झायलाझिनची मात्रा भरावी लागते. डार्ट लागल्यावरही औषध चढायला काही मिनिटं जातात आणि तेवढ्यात बिबट्या विहिरीकडे किंवा थेट गर्दीकडे धावू शकतो. म्हणून अनुभवी पथक अनेकदा पिंजरा लावून वाट पाहणं पसंत करतं. भूल चढल्यावर त्याच्या पापण्या मिटत नाहीत. मग डोळे कोरडे पडू नयेत म्हणून औषध घालून वर फडकं टाकतात, अंगाचा ताप पुन्हा पुन्हा तपासतात आणि स्ट्रेचरवरून गाडीत चढवतात.

गाडी जाते ती जुन्नरजवळच्या माणिकडोह बिबट निवारा केंद्रात. वन विभाग आणि वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था मिळून ते चालवतात. तिथं येणाऱ्या जखमा एकाच तऱ्हेच्या नसतात: गाडीची धडक, कठडा नसलेल्या विहिरीत पडणं, दुसऱ्या बिबट्याशी झालेली झुंज, डुकरांसाठी लावलेली क्लचच्या तारेची फासकी. फासकी सगळ्यांत वाईट, कारण जनावर जितकं ओढतं तितकी तार मांसात रुतत जाते. सापळ्यात सापडून एक पाय गमावलेला विठ्ठल नावाचा बिबट्या या केंद्रातच राहिला. तीन पायांवर शिकार साधत नाही, त्यामुळे अशांना पुन्हा सोडता येत नाही.

धडधाकट बिबट्या पकडून दूर सोडला की प्रश्न मिटतो, असं पूर्वी वाटायचं. 2001 मध्ये जुन्नर परिसरात हे मोठ्या प्रमाणावर सुरू झालं. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी नंतर आकडे तपासले, तेव्हा माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 वरून 17 वर गेल्याचं दिसलं. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं आणि मोकळ्या झालेल्या जागेत दुसरं येतं. 2009 मध्ये कल्याण–नगर महामार्गावरच्याच टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेल्या एका थोराड नराला बाहेर काढून, गळ्यात जीपीएस पट्टा घालून माळशेज घाटात सोडलं. तो सुमारे 120 किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला. ‘आजोबा’ या नावानं तो गाजला, त्याच्यावर चित्रपटही निघाला. 2011 मध्ये तो गेला, तोही वाहनाच्या धडकेनंच.

हे सारं सांगताना पिंपरी पेंढारच्या माणसांचं दुःख झाकता येणार नाही. 2024 च्या मे महिन्यात काही दिवसांच्या अंतरानं जुन्नर तालुक्यातल्या काळवाडीत एक लहान मुलगा आणि पिंपरी पेंढारमध्ये शेतात गेलेली एक स्त्री बिबट्याच्या हल्ल्यात दगावली. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड भागात महिन्याच्या आत तिघांचा जीव गेला. लोकांनी पुणे–नाशिक महामार्ग अडवला आणि शेवटी एका बिबट्याला गोळी घालावी लागली. शेतकरी गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून रानात जाऊ लागले. बिबट्याला संरक्षण देणाऱ्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचा आधार घरातलं मूल गमावलेल्या आईला देता येत नाही, आणि देऊही नये.

पण गावकरी मागत आलेत ती गोष्ट अवघड नाही. शेतीपंपाला थ्री-फेज वीज अनेकदा रात्रीची येते, म्हणून माणूस बॅटरी घेऊन, वाकून, उसाच्या कडेला दारं धरायला जातो. वाकलेला माणूस अंधारात चार पायांच्या सावजासारखा दिसतो. दिवसा वीज मिळाली तर ही गाठ पुष्कळदा पडणारच नाही. विहिरींना कठडे हवेत, महामार्गावर बिबटे ओलांडतात त्या ठिकाणी वेग कमी व्हायला हवा.

आणि जखमी बिबट्या उसात शिरलाच, तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करावा, कुत्री बांधावीत, फडाच्या निदान एका बाजूला कुणी उभं राहू नये. तोडणी सुरू असेल तर ती त्या दिवशी थांबवावी. एरवीही टोळीनं एकाच कडेनं तोडत जावं आणि समोरची कड मोकळी ठेवावी, म्हणजे आत बसलेलं जनावर रात्री आपसूक निघून जातं.