फायबर आले, पण गाणे सुधारले काय?

एकेकाळी आमच्या घरोघरी टेपरेकॉर्डर होता. सकाळी बुद्धवंदना आणि सायंकाळी भीमगीते त्यावर लागत. आज कॅसेट मागे पडली आणि तेच सारे मोबाइलवर वा टीव्हीवर इंटरनेटमार्फत ऐकले जाते. वस्त्यावस्त्यांतून ऑप्टिकल फायबरची तारही पोहोचू लागली आहे. ‘फायबर घ्या, आवाज सुधारेल’ असे सांगितले जाते. त्यापुढे जाऊन महागड्या केबली आणि यंत्रेही गळ्यात मारली जातात. महिन्याचा हिशेब जुळवणाऱ्या आमच्या मायभगिनींना यातले खरे किती आणि फोल किती हे कळावे, यासाठी हा लेखप्रपंच.

फायबर म्हणजे केसाएवढी बारीक, अतिशुद्ध काचेची तार. तिच्यातून वीज नव्हे, प्रकाश धावतो. काच पुरेशी शुद्ध केली तर प्रकाशाच्या साहाय्याने दूरवर संदेश पाठवता येतील, हे चार्ल्स काव यांनी १९६६ साली मांडले. या कार्याबद्दल २००९ साली त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेत अंतर वाढले की संदेश क्षीण होतो, पावसाळ्यात सांध्यांत पाणी शिरते. काचेच्या तारेला हा त्रास फारच कमी.

परंतु इंटरनेटवरून येते ते गाणे नसते, आकडे असतात. सीडीच्या दर्जाच्या मुद्रणात आवाजाचे माप सेकंदाला ४४,१०० वेळा घेतलेले असते. डावी-उजवी बाजू मिळून त्याचे सेकंदाला सुमारे १४ लाख बिट होतात. वाटेत काही आकडे हरवले तर यंत्र ते पुन्हा मागवून घेते. म्हणून तीच फाइल, त्याच स्पीकरवर, मोबाइलच्या डेटाने ऐका की फायबरने, ती सारखीच वाजते. फायबर आवाजात गोडवा घालीत नाही.

मग उपयोग काय? उपयोग आहे, तो सातत्याचा. दर्जा ‘ऑटो’वर ठेवला असेल तर इंटरनेट मंदावताच ॲप कमी दर्जाची फाइल पाठवते. मग झांज फुटल्यासारखी वाजते, ‘स’ आणि ‘श’ चरचरतात. फायबरवर वेग टिकून राहतो, त्यामुळे वरचा दर्जा कायम ठेवता येतो आणि गाणे मध्येच थांबत नाही. पण त्यासाठी भारी प्लॅन लागत नाही. सीडीच्या दर्जाला दीड मेगाबिट आणि त्याहून वरच्या मुद्रणालाही साधारण दहा मेगाबिट वेग पुरतो. केवळ गाण्यांसाठी ३०० मेगाबिटचे पैसे भरणे म्हणजे तांब्याभर पाण्यासाठी टँकर मागवणे होय.

पैसे खर्च करण्याआधी पुढील गोष्टी कराव्यात :

१) ॲपच्या सेटिंगमध्ये आवाजाचा दर्जा ‘ऑटो’ऐवजी सर्वांत वरचा निवडावा.

२) राउटर लोखंडी कपाटामागे न ठेवता मोकळ्या जागी, उंचावर ठेवावा.

३) शक्य असेल तेथे ब्लूटूथऐवजी स्पीकर तारेने जोडावा, ब्लूटूथवर आवाज बहुधा पुन्हा दाबला जातो.

४) स्पीकर कोपऱ्यात कोंबू नये. कोपऱ्यात ढोलकीचा घुमारा वाढतो आणि शब्द दबतात.

प्रकाशाची आणखी एक तार घरात उपयोगी पडते. टीव्ही ॲम्प्लिफायरला जोडल्यावर काही घरांत सतत गुणगुण ऐकू येते. दोन यंत्रांमधून तारेवाटे फिरणारी वीज हे तिचे एक नेहमीचे कारण. १९८३ साली तोशिबा कंपनीने आणलेल्या ऑप्टिकल ऑडिओ केबलमधून वीज जातच नाही, म्हणून अशी गुणगुण थांबते. दोन्ही यंत्रांना तशी खाच असेल तर साधी, स्वस्त केबलही तेच काम करते.

कालाम सुत्तात तथागतांनी केवळ कोणी सांगितले म्हणून न मानता पारखून घेण्याचा उपदेश केला आहे. तीच कसोटी येथे लावावी. एकाने केबल बदलत गाणे लावावे, इतरांनी पाठ करून ऐकावे आणि कोणती केबल ते ओळखावे. आवाज सारखाच ठेवून दहापैकी पाच-सहा वेळाच ओळखता आले, तर पैसे खिशातच ठेवावेत.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. मूळ मुद्रणच वाईट असेल तर कोणतीही तार त्याला तारणार नाही. वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्या पिढीची गाणी पुष्कळदा घासलेल्या कॅसेटवरून, घाईने चढवलेली ऐकू येतात. गावोगावच्या जलशांची, अनामिक गायन पार्ट्यांची मुद्रणे तर अजूनही घरच्या ट्रंकेत पडून असतील. ओलाव्याने त्या फितीला बुरशी लागते. त्या बाहेर काढाव्यात, टेपचे हेड साफ करावे, मोबाइल समोर न धरता तारेने संगणकाला जोडून सीडीच्या दर्जात उतरवून घ्याव्यात आणि दोन ठिकाणी जपाव्यात. सोबत गायकाचे, कवीचे, गावाचे नाव व साल अवश्य लिहावे.

शाळेची पायरी न चढलेल्या आमच्या आजी-आजोबांपर्यंत बाबासाहेबांचा विचार याच गाण्यांनी पोहोचवला. फायबरची तार आज प्रत्येक घरी येईल; पण तिच्यातून काय वाहावे, हे आपल्या ट्रंकेतल्या त्या कॅसेटवर अवलंबून आहे.