परसातील फळांची विरळणी

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने हडपसर ओलांडले म्हणजे डाव्या अंगास मांजरी लागते. मुळा-मुठेच्या काठचे हे गाव मळ्यांचे. मांजरी बुद्रुक 2021 साली पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले, आणि मळ्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहू लागल्या. तरीही जुन्या घरांच्या परसात पेरू, डाळिंब, पपई ही झाडे टिकून आहेत. क्वचित एखाद्या अंगणात मांडवावर चढविलेला द्राक्षाचा वेलही दिसतो. ह्याच मांजरीत भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र 1997 साली स्थापन झाले. घरच्या झाडावरील फळे विरळ का करावीत, हे समजून घ्यावयाचे तर द्राक्षाच्या वेलापासूनच आरंभ करणे सोयीचे. कारण महाराष्ट्रात विरळणीची विद्या ह्या पिकाइतकी दुसऱ्या कोणत्याही पिकात मुरलेली नाही.

डिसेंबरचा महिना कल्पावा. ऑक्टोबरात छाटणी झालेल्या वेलाचा फुलोरा सरला आहे आणि मांडवाखाली हिरवे कोवळे घड लोंबू लागले आहेत. घरधनी ते मोजतो, शेजारीपाजारी कौतुक करतात. अशा वेळी नारायणगावाकडचा एखादा जाणता बागाईतदार पाहुणा म्हणून येतो, वर नजर टाकतो आणि म्हणतो, “निम्मे घड काढून टाका, आणि उरलेल्यांतलेही मणी कातरा.” घरातील आजीबाईंना हे ऐकवत नाही. “आलेलं फळ तोडायचं? हात कसा उचलेल रे बाबा?” त्यांचे म्हणणे खोटे नाही. पाणी घालून, राखण करून जे वाढविले, ते आपल्याच हाताने जमिनीवर पाडणे कोणाच्याही जिवावर येते. आणि बहुतेक घरी ह्याच क्षणी आजीबाईंचा विजय होतो.

त्याचे फळ फेब्रुवारीत दिसते. घड पुष्कळ, पण मणी वाटाण्याएवढे. बाहेरचे थोडे गोड, आतले आंबट. एकमेकांच्या दाबाने काही मणी फुटतात, त्यांचा रस गळतो, त्यावर बुरशी धरते आणि घड आतून सडू लागतो. एवढ्यावरच भागले असते तर एक हंगाम वाया गेला म्हणून सोडून देता आले असते. खरे नुकसान पुढे आहे. एप्रिलमध्ये वेलाची खरड छाटणी होते. त्यानंतर फुटणाऱ्या नव्या काड्यांच्या डोळ्यांतच पुढील ऑक्टोबरच्या घडांची बीजरूप घडण होत असते. त्या नव्या फुटीस लागणारे अन्न जुन्या ओलांड्यात, खोडात आणि मुळांत साठविलेले असावे लागते. अती ओझ्याने जो वेल रिता झाला, त्याच्या काड्या बारीक निघतात, डोळे वांझ राहतात, आणि पुढच्या वर्षी मांडवावर पाने तेवढी उरतात. ज्या फळांची दया आली, त्यांनीच पुढच्या फळांचा घास घेतलेला असतो.

ह्याचे कारण पानात आहे. फळातील साखर मुळांतून येत नाही. ती पानात, उन्हाच्या बळावर तयार होते. एका पानाची कमाई ठरीव असते. द्राक्षाच्या साधारण घडास पोसण्यास त्याच काडीवर पंधराच्या आसपास निकोप पाने लागतात, असा बागाईतदारांचा हिशेब आहे. कमावते तेवढेच आणि खाणारी तोंडे दुप्पट, अशी घराची स्थिती झाली म्हणजे जे होते तेच वेलाचे होते. अधिक खत घालून ही तूट भरून निघेल ही समजूत फार रूढ आहे, पण ती चुकीची आहे.

मग निसर्ग इतकी फळे धरतोच कशाला? कारण झाडाचा हेतू आणि माणसाचा हेतू एक नव्हे. झाडास बी पसरावयाचे असते. फळ लहान की मोठे, गोड की आंबट, ह्यात त्याला फारसे स्वारस्य नाही. (बिनबियांच्या द्राक्षास हे स्पष्टीकरण लागू करताना थोडी पंचाईत होते खरी, पण ती माणसानेच जोपासलेली जात आहे आणि तिचा स्वभाव मात्र पूर्वजांचाच राहिला.) झाड स्वतःही विरळणी करतेच. आंब्याच्या मोहोरातील हजारो फुलांपैकी फारच थोड्यांची कैरी होते आणि त्या कैऱ्यांतल्याही कितीतरी सुपारीएवढ्या असतानाच गळतात. परसातील माणसाने करावयाचे ते एवढेच की, ही आपोआप होणारी गळ सरली म्हणजे तेच काम आणखी थोडे पुढे न्यावयाचे.

येथे वेळेचे महत्त्व सर्वांत अधिक. फळ धरल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच त्याच्या पेशींची संख्या वाढते. पुढे त्या पेशी केवळ फुगतात. म्हणून विरळणी लवकर झाली तरच राहिलेल्या मण्यांस तिचा पुरा लाभ मिळतो. मणी बाजरीच्या दाण्याहून मोठे आणि हरभऱ्याहून लहान असताना कात्री लावावी. मण्यात पाणी उतरू लागल्यावर जो जागा होतो, त्याच्या कातरण्याने आकारास काही लाभ होत नाही. फार तर सड थांबते.

रीत अशी. प्रथम एका काडीवर एकच घड ठेवावयाचा; अशक्त काडीवर एकही नाही. मग राहिलेल्या घडाचा शेंडा कापावयाचा आणि वरच्या आठ-दहा पाकळ्या राखून मधल्या दाट पाकळ्या एकाआड एक काढावयाच्या. एका घडावर शंभराच्या आसपास मणी राहिले तर ते मोकळेपणी वाढतात. कात्री बारीक टोकाची असावी, तिने देठ कापावा, मण्यास टोक लागू देऊ नये. नाशिक, सांगली, सोलापूर ह्या जिल्ह्यांत आणि जुन्नरच्या बाजूस हे काम मुख्यतः स्त्रियांच्या टोळ्या करतात. मान वर करून, दिवसभर हात उचललेले ठेवून हजारो घड कातरणाऱ्या त्या बोटांचे कसब द्राक्षाच्या गोडीत किती आहे, ह्याचा विचार बाजारात सहसा होत नाही. परदेशी जाणाऱ्या मण्याचा व्यास सोळा-अठरा मिलिमीटर भरावा अशी अपेक्षा असते. तो आकार त्या कात्रीविना मिळणे कठीण.

मोठ्या बागांत कात्रीच्या जोडीला जिबरेलिक आम्लही वापरतात. भाताची रोपे अवास्तव उंच वाढविणाऱ्या एका बुरशीच्या स्रावात हा गुण आहे, हे जपानी शास्त्रज्ञ कुरोसावा यांनी 1926 साली दाखविले, आणि पुढे त्या द्रव्याचा उपयोग द्राक्षाचा घड लांबविण्यास व मणी फुगविण्यास होऊ लागला. मात्रा आणि वेळ चुकली तर उलट अपाय होतो. घरच्या एका वेलासाठी त्या फंदात न पडता संध्याकाळचे दोन तास आणि एक कात्री खर्च करणे हेच शहाणपणाचे. मुळातच मोठ्या मण्याची जातही निवडता येते. सेंटेनिअल सीडलेस ह्या वाणातून निवडलेली ‘मांजरी नवीन’ ही मांजरीच्या केंद्राची जात तशी आहे.

हेच तत्त्व परसातील इतर झाडांस थोड्या फरकाने लागू पडते. डाळिंबाच्या एका फांदीच्या टोकास दोन-तीन फळे चिकटून धरली तर त्यांच्या सांध्यात पिठ्या ढेकूण आणि फळ पोखरणारी अळी यांस आयता आसरा मिळतो; तेथे एकच फळ राखावे. पूर्ण वाढलेल्या झाडावर साठ ते ऐंशी फळे पुष्कळ झाली. पपईच्या बुंध्याशी दाटीने बसलेली वेडीवाकडी फळे लहानपणीच खुडावीत. पुण्याच्या परसात घरोघरी असणारा सरदार पेरू 1927 साली गणेशखिंडीच्या बागेत डॉ. चीमा यांनी निवडला. तो मुळातच भरपूर फळतो, आणि त्याच्या बारीक फांद्या ओझ्याने वाकून मोडण्यापूर्वी घोसातील एकदोन फळे काढलेली बरी. आंब्याच्या मोठ्या झाडावर हे साधणार नाही. त्याच्या वाटेस जाऊ नये. परंतु नव्या कलमास पहिली तीन-चार वर्षे येणारा मोहोर मात्र निष्ठुरपणे खुडावा. लिंबास विरळणीची गरज नाही.

मांजरीसारख्या वाढत्या वस्तीत आणखी एक हिशेब करावा लागतो. शेजारी सात मजली इमारत उठली आणि दुपारनंतर अंगणावर सावली पडू लागली, तर पाने तेवढीच असूनही त्यांची कमाई घटते. पूर्वी ज्या मांडवावर चाळीस घड पिकत, तेथे आता पंचवीसही जड जातील. अशा घरी सावलीकडच्या काड्यांवरील घड प्रथम काढावेत, उन्हाकडचे राखावेत.

कातरलेले कोवळे मणी वेलाखाली पडू न देता गोळा करून खताच्या खड्ड्यात टाकावेत. दुसरा वेल असेल तर त्यास हात लावण्यापूर्वी कात्री स्पिरिटने पुसावी. आणि आजीबाईंसाठी एक घड तसाच, न कातरता ठेवावा. फेब्रुवारीत तो शेजारच्या घडाजवळ धरून त्यांनाच दोन्हींतला एकेक मणी चाखावयास द्यावा.