साडेचार हजार लिटर, अडीच मिनिटं

आगीचा लाल बंब रस्त्याने घणघणत जाताना पाहिला की वाटतं, आता काळजी नाही, एवढं पाणी निघालंय! पण त्या 'एवढं'चा हिशेब मांडून पाहा. नेहमीच्या मोठ्या बंबाची टाकी साधारण ४५०० लिटरची. त्यावरच्या पंपाची प्रमाणित क्षमता मिनिटाला १८०० लिटर. म्हणजे पंप पूर्ण ताकदीने चालवला, तर टाकी अडीच मिनिटांत कोरडी. तेवढ्या वेळात गॅसवरचा चहासुद्धा नीट उकळत नाही.

हा हिशेब सोलापूरला जास्तच लागू पडतो, कारण हे शहर कापसावर उभं राहिलं. १८७७ साली मोरारजी गोकुळदासांची गिरणी आली. पुढे आणखी गिरण्या आल्यावर लोक तिला 'जुनी गिरणी' म्हणू लागले. गिरण्यांचे भोंगे थांबले, पण यंत्रमाग खडखडत राहिले. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं. सूत, ताग्यांचे ढीग, टॉवेलांचे गठ्ठे आणि मागाखाली साचणारी कापसाची भुरी हे इथल्या कितीतरी घरांचं आणि कारखान्यांचं नेहमीचं दृश्य. अग्निशमन दलाच्या डोळ्यांनी पाहिलं, तर हे सगळं जळण आहे.

किती जळण? किलोभर कापूस पूर्ण जळाला तर सुमारे १७ मेगाज्यूल उष्णता बाहेर पडते. आता पाण्याची बाजू बघू. साधं एक लिटर पाणी उकळीपर्यंत न्यायला फारशी उष्णता लागत नाही. खरी किमया उकळी आल्यानंतर घडते. उकळत्या पाण्याची वाफ व्हायला, ते उकळीपर्यंत न्यायला लागली होती त्याच्या जवळजवळ आठपट उष्णता लागते. दोन्ही मिळून लिटरमागे अडीच मेगाज्यूल. म्हणजे किलोभर जळत्या कापसाची उष्णता गिळायला साडेसहा-सात लिटर पाणी हवं, तेही थेंब न थेंब वाफ झाला तर.

आपल्याकडे कापसाची गाठ १७० किलोची धरतात. टाकीतलं सगळं पाणी एक थेंबही वाया न जाता वापरलं, तर त्या ४५०० लिटरांत जेमतेम चार गाठींची आग मावते. प्रत्यक्षात बरंचसं पाणी भिंतीवर आपटतं, जमिनीवरून वाहून जातं. एका मध्यम गोदामात चारपेक्षा किती जास्त गाठी असतात, हे सोलापूरकराला सांगायला नको.

यात कापसाचा स्वभावही आडवा येतो. लाकूड भडकून जळतं आणि दिसतं. दाबून बांधलेला कापूस आतल्या आत धुमसतो. धाग्याधाग्यांत अडकलेली हवा त्या निखाऱ्याला पुरत राहते आणि वरून मारलेलं पाणी गाठीच्या पोटापर्यंत सहज पोचत नाही. म्हणून ज्वाळा दिसेनाशा झाल्यावरही जवान तास न् तास गठ्ठे ओढून काढतात, फोडतात, भिजवतात. ते याला 'कूलिंग' म्हणतात. बघ्यांची गर्दी पांगलेली असते तेव्हाच हे कंटाळवाणं काम जोरात चालू असतं.

मग थोडक्या पाण्यात आग विझते कशी? यातलं कौशल्य पाण्याच्या टोकाशी आहे. होजच्या, म्हणजे पाण्याच्या लांब नळीच्या, टोकाला जो पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमचा नळ असतो, त्याला दलात 'ब्रांच' म्हणतात. त्यातून सरळ धार सोडली तर पाणी लांब जातं. तीच धार तुषारांत फोडली, तर तेवढ्याच पाण्याचा आगीला भिडणारा पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो आणि त्याची झटकन वाफ होते. एक लिटर पाण्याची सुमारे १७०० लिटर वाफ होते. ती उष्णता ओढून घेते आणि जागा व्यापून हवेलाही बाहेर ढकलते. पण बंद खोलीत हीच वाफ उलटून जवानांनाच भाजू शकते. म्हणून धार कुठे, किती आणि किती वेळ सोडायची, हे अनुभवाने शिकावं लागतं.

तो होज एकदा हातात घेऊन पाहावा. दरवर्षी १४ ते २० एप्रिल या अग्निशमन सेवा सप्ताहात प्रात्यक्षिकं होतात, तेव्हा ही संधी मिळू शकते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाचा स्फोट झाला आणि ६६ अग्निशामक मृत्युमुखी पडले, त्यांच्या स्मरणार्थ हा सप्ताह पाळतात. त्या जहाजावर दारूगोळ्याबरोबर कापसाच्या गाठीही होत्या, हे कापसाच्या गावाने लक्षात ठेवावं असं.

तर होज. लांबून तो रबराचा पाइप वाटतो. डोळ्यांजवळ धरला की कळतं, हे कापड आहे! उभा धागा, आडवा धागा, ताणा आणि बाणा. फक्त हा माग गोल फिरतो, त्यामुळे कापड सलग नळीसारखं, बिनशिवणीचं विणलं जातं, आणि आतून त्याला रबराचं अस्तर असतं. आतलं रबर पाणी अडवतं, दाब मात्र सोसतं ते विणकाम. चादर विणणाऱ्या शहराला आगीपासून वाचवणारी वस्तूही शेवटी विणलेलीच आहे, ही गंमत मला दर वेळी नव्याने वाटते.

रिकामा होज फितीसारखा चपटा पडून असतो. साधारण ६३ मिलिमीटर व्यासाचा, बहुतेक १५ मीटरचा एक तुकडा. पाणी सोडलं की तो सापासारखा वळवळतो आणि क्षणात काठीसारखा ताठ होतो. २० मिलिमीटरच्या तोंडातून सात बार दाबाने धार सुटली, की मिनिटाला सुमारे ७०० लिटर पाणी जातं आणि ब्रांच धरणाऱ्याला पंचेचाळीस किलोच्या आसपास उलटा रेटा बसतो. म्हणून मोठ्या धारेवर एकटा माणूस नसतो. एकाने ब्रांच धरायची, दुसऱ्याने मागून त्याला टेकू द्यायचा. आणि पाणी वर चढवायचं असेल तर दर दहा मीटर उंचीला एक बार दाब खर्ची पडतो.

ज्वाळांपेक्षा वाईट शत्रू धूर. अर्धवट जळणाऱ्या कापसातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून घट्ट चिकटतो. म्हणून आत शिरणाऱ्याच्या पाठीवर 'बीए सेट', म्हणजे श्वसनयंत्र, असतो. जेमतेम सात लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबाने सुमारे दोन हजार लिटर हवा कोंबलेली असते. कागदोपत्री ती पाऊण तास पुरते. जिना चढताना, माणूस खांद्यावर घेताना श्वास दुप्पट वेगाने चालतो आणि हवा तितक्याच लवकर संपते. संपत आली की कर्कश शिट्टी वाजते. ती ऐकू आली की समोर काहीही असो, बाहेर पडायचं.

आता या साऱ्यामागची माणसं. १०१ वर फोन आला की केंद्राच्या भाषेत 'वर्दी' आली. वर्दी घेणारा पत्ता, खूण, काय जळतंय, आत कोणी आहे का एवढंच विचारतो. गाडीवर यंत्रचालक, प्रमुख अग्निशामक आणि त्याचे जवान. वर उप-अधिकारी, केंद्र अधिकारी आणि सर्वांच्या वर शहराच्या दलाचा प्रमुख, जो महापालिका आयुक्तांना उत्तरदायी असतो. मोठ्या वर्दीला शेजारच्या नगरपरिषदांचे आणि कारखान्यांचे बंबही बोलावले जातात, आणि पाण्याच्या टँकरांची ये-जा हाच एक वेगळा विभाग होऊन बसतो. टाकी अडीच मिनिटांची असेल, तर दुसरं पाणी कुठून येणार हे पहिली धार सुटण्याआधीच ठरावं लागतं. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या, मे महिन्यात त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांत तापणाऱ्या सोलापुरात हा प्रश्न फारच खरा आहे.

हे दल सरकारचं की शहराचं? शहराचं. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत शहरांकडे सोपवायच्या कामांत अग्निशमन सेवा सातव्या क्रमांकावर आहे. सोलापूरची महापालिका १९६४ साली झाली. तिचा कारभार ज्या १९४९ च्या महापालिका कायद्याने चालतो, त्यात अग्निशमन दल ठेवणं हे ऐच्छिक काम नाही, कर्तव्य आहे.

आणि त्याच कायद्याने दलाला जे अधिकार दिलेत ते वाचून थक्क व्हायला होतं. एरवी तुमच्या घराचं दार कोणी तोडलं तर तो गुन्हा. आगीच्या वेळी जागेवरचा जबाबदार अधिकारी दार तोडू शकतो, भिंत पाडू शकतो, गरज पडली तर न जळणारी शेजारची इमारतही फोडून आत जाऊ शकतो. रस्ता बंद करू शकतो. कामात अडथळा आणणाऱ्याला, मग तो कितीही मोठा असो, बाजूला काढू शकतो. आगीच्या ठिकाणी दाब वाढावा म्हणून इतर भागांचं पाणी बंद करायला लावू शकतो. यावर कडी म्हणजे, या तोडफोडीत झालेलं नुकसान विम्याच्या हिशेबात आगीनेच झालेलं धरतात. कुऱ्हाड जवानाने चालवली तरी कायद्याच्या लेखी घाव आगीने घातला!

पण हे सगळे अधिकार आग लागल्यानंतरचे, आणि वरचा चार गाठींचा हिशेब सांगतो की तोवर उशीर झालेला असतो. १८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली. आवारातच राहणारं मालकाचं कुटुंब आणि कामगार आत झोपलेले होते. आठ जण गेले, त्यात एक तान्हं मूलही होतं. आग आटोक्यात यायला कित्येक तास लागले. पहाटेची झोप, खाली कापड, वर माणसं, मधे धूर. अशा वेळी बंब किती वेगाने आला यापेक्षा जिना मोकळा होता का, या प्रश्नाला जास्त महत्त्व येतं.

म्हणून दलाचा सर्वांत मोठा अधिकार कुऱ्हाडीत नाही, कागदात आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा कायदा डिसेंबर २००८ पासून लागू झाला. त्याने जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली. इमारतीतली आगरोधक यंत्रणा चालू स्थितीत आहे, असं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं. दल तपासणी करू शकतं, नोटीस देऊ शकतं. धोका डोक्यावर असेल तर इमारत रिकामी करायला लावू शकतं, वीज आणि पाणी तोडायला लावू शकतं. या अधिकाराला सायरन नाही, लाल दिवा नाही.

कल्पना जुनी आहे. इसवी सन ६ मध्ये सम्राट ऑगस्टसने रोममध्ये 'व्हिजिलेस' नावाचं अग्निरक्षक दल उभारलं. त्यांच्या प्रमुखाला नुसती आग विझवण्याचा अधिकार नव्हता, निष्काळजी रहिवाशाला शिक्षा देण्याचाही होता. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी घरात पाणी भरून ठेवावं, अशी ताकीद द्यायची हेही त्याचंच काम. दोन हजार वर्षांपूर्वीचं ते पाण्याचं भांडं आणि आजचं जानेवारी-जुलैचं प्रमाणपत्र सख्खी भावंडं आहेत.

सोलापुरात जानेवारी म्हणजे सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा. नंदीध्वज निघतात, होम मैदानावर होम पेटतो, शोभेच्या दारूकामाने आकाश उजळतं. त्या गर्दीच्या कडेला बंब उभा असतो आणि आपण त्याच्याकडे पाठ करून वर बघत असतो. तोच महिना प्रमाणपत्राचा. यात्रेहून परतताना आपल्या इमारतीच्या किंवा कारखान्याच्या जिन्यावर टॉवेलांचे गठ्ठे रचलेले दिसले, तर ते तिथून हलवायला किती लिटर पाणी लागेल, एवढाच हिशेब करावा.