विषाद आणि मेंदूचें चित्र

घरांतील एखादें माणूस एकाएकीं अबोल होतें, त्याची अन्नावरील वासना उडते, पहाटे तीन वाजतांच त्याला जाग येते. भरल्या कुटुंबांत अशा वेळीं निदान करणारे पुष्कळ निघतात. ‘कामाचा कंटाळा, दुसरें काय!’ असें कोणी म्हणतो. ‘मन घट्ट करावें,’ असा उपदेश दुसरा करितो. सुशिक्षितांच्या तोंडीं मात्र तिसरेंच निदान ऐकूं येतें : ‘मेंदूंतील सेरोटोनिन कमी झालें.’ हें निदान शास्त्रीय दिसतें खरें. पण तें कितपत बरोबर आहे?

सेरोटोनिन हें द्रव्य १९४८ सालीं अमेरिकेंतील क्लीव्हलंड येथें रॅपोर्ट, ग्रीन व पेज या संशोधकांनीं रक्तरसांतून वेगळें केलें. रक्तवाहिन्या आकुंचित करणारें द्रव्य एवढीच त्याची तेव्हां ओळख होती. १९५३ मध्यें तें मेंदूंतही आढळलें.

पुढील दुवा आपल्या मुंबईशीं जोडलेला आहे. सर्पगंधेच्या मुळीनें रक्तदाब उतरतो, हें डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं १९४९ मध्यें एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत जगापुढें मांडलें. या मुळींतील रेसर्पिन नामक सत्त्व मेंदूंतील सेरोटोनिनचा सांठा रिता करितें, असें १९५५ मध्यें अमेरिकेंत दिसून आलें. तें घेणारे कांहीं रोगी खिन्न होतात, असेंही डॉक्टरांच्या नजरेस आलें होतें. सेरोटोनिनचा तुटवडा म्हणजेच विषाद, ही कल्पना अशा निरीक्षणांतून बळावली.

पण जिवंत माणसाच्या मेंदूंत डोकावावें कसें? त्यासाठीं किरणोत्सर्गी कार्बन जोडलेलें द्रव्य अत्यल्प प्रमाणांत शिरेंत टोचतात. हा कार्बन सुमारें २० मिनिटांत निम्मा होतो, म्हणून तें द्रव्य यंत्राजवळच तयार करावें लागतें. मेंदूंत सेरोटोनिन जेथें येऊन बसतें, त्या जागीं तें चिकटतें आणि त्याच्या किरणांवरून यंत्र चित्र काढितें. म्हणजे पाहुणा दिसत नाहीं. त्याचा पाट तेवढा दिसतो.

१९९९ नंतरच्या अशा चित्रांचे निष्कर्ष एकमेकांशीं नीट जुळले नाहींत. २०२२ मध्यें लंडन येथील मॉन्क्रिफ आदि संशोधकांनीं पूर्वीच्या अभ्यासांचा आढावा घेऊन तुटवड्याचा सुसंगत पुरावा नाहीं, असा निर्वाळा दिला. त्याच वर्षीं लंडनमध्येंच १७ रोगी व २० निरोगी माणसें तपासण्यांत आलीं. औषधानें चेतविल्यावर निरोग्यांच्या मेंदूंत सेरोटोनिनचा स्राव स्पष्ट दिसला, रोग्यांत तो दिसला नाहीं. मात्र एवढ्या थोड्या माणसांवरून अखेरचा निकाल देतां येत नाहीं.

तेव्हां सुज्ञ वाचकांनीं दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्यात. अमक्याला विषाद झाला आहे, हें सांगणारें चित्र अद्याप निघालेलें नाहीं. तें डॉक्टरच रोग्याशीं बोलून ठरवितात. दुसरें, कारणाविषयीं वाद आहे म्हणून रोग खोटा ठरत नाहीं, कीं औषधही निरुपयोगी ठरत नाहीं. तें आपल्या मनानें एकदम बंद केल्यास अपाय होतो. आणि घरांतील माणूस जीव देण्याची भाषा बोलूं लागलें, तर तें सोंग आहे कीं काय याची चर्चा करीत बसूं नये. त्याला एकटें न सोडतां तत्काळ डॉक्टरांकडे न्यावें.